दोन रोड आणि दोन जावा

सोमवार, ४ नोव्हेंबर

शैलीपुस्तिका धाकटी लिहिणार. संपादकांच्या सेक्रेटरीने सांगितलं. मी पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "हो बाई, तुमची जाऊच. पत्र मीच टाइप केलंय."

म्हणजे बातमी पक्की.

आमचा पेपर इंग्रजी, पण त्यातल्या लिहिण्याचे नियम आजवर कुठेच लिहिलेले नव्हते. आकडा कधी अक्षरात लिहायचा, कॅपिटल कुठे, स्मॉल कुठे – कुणी अडलं की माझ्या टेबलाशी यायचं. आता म्हणे सगळं छापून प्रत्येकाच्या हातात द्यायचं. छापायचं तर छापा. पण ते असतं माझ्या डोक्यात, आणि लिहिणार ती.

आम्ही बातम्या तपासणारे; आमचे डेस्कप्रमुख वर्षअखेर निवृत्त होतायत. पुस्तिका लिहील त्याची खुर्ची, असं कुणी बोललेलं नाही. पण पाणी देणाऱ्या माणसापासून सगळ्यांना ते कळलेलं आहे. माझी थोडीच वर्षं उरली. पुन्हा खुर्ची रिकामी होईल तेव्हा मी घरी बसलेली असेन.

आणि तिला इथे आणलं कुणी? मीच. तिचा अर्जसुद्धा मी दुरुस्त केला होता. विकतचं दुखणं, दुसरं काय.

बसमध्ये शेजारीच बसली. विषय काढला नाही. मीही काढला नाही. खिडकी तिच्याकडे होती.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. धाकटी खालून आली, हातात चिमट्यांची टोपली. मदत करायला आली असं दाखवलं. पण पोटात वेगळंच होतं.

"ताई, एक विचारू?"

"विचार की."

पहिलं प्रकरण रस्त्यांच्या नावांचं आहे. वाचकांच्या तक्रारी त्यावरच सगळ्यात जास्त येतात. एक निवृत्त सर्वेअर तर कात्रणं चिकटवून पाठवतात – पहिल्या पानावर 'स्ट्रीट' उंच, तिसऱ्या पानावर तीच स्ट्रीट बुटकी.

"मिल रोड लिहिताना 'रोड'ला कॅपिटल, कारण तो नावाचा भाग आहे. पुढच्या वाक्यात नुसता 'रोड' आला की स्मॉल. बरोबर ना?"

"बरोबर."

"आणि दोन एकदम आले तर? मिल आणि स्टेशन रोड्स. शब्द एकदाच, पण रस्ते दोन."

"तिथे स्मॉल. शब्द दोघांत सामाईक झाला, कुणा एकाच्या नावाचा राहिला नाही."

ती चिमटा उघडझाप करत उभी राहिली. मग म्हणाली, "पण ताई, तुम्ही आणि मी एका घरात आलो, आडनाव एकच झालं. म्हणून ते कुणी लहान अक्षरात लिहितं का?"

सासूबाई कोपऱ्यात ऊन खात बसल्या होत्या. त्या एवढ्या हसल्या की कवळी सावरावी लागली. "बरोबर बोलतेय गं धाकटी."

त्यांना एबीसी येत नाही. पण धाकटीचं बरोबर!

खरं म्हणजे दोन्ही चालतं. काही पेपर असं करतात, काही तसं. एक काहीतरी ठरवायचं आणि पाळायचं, एवढीच गोष्ट. प्रश्न एवढाच – ठरवणार कोण?

गुरुवार, ७ नोव्हेंबर

तिचे केसही अजून काळे आहेत.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

सकाळच्या बैठकीत संपादकांनी तिचा मसुदा वाचून दाखवला. चष्मा लावून, थांबत थांबत, चवीने. "रस्त्याला नावाने हाक मारली की कॅपिटल. नुसता हात करून दाखवला की स्मॉल." सगळे खूश. क्रीडावाला तर म्हणाला, हे मला पहिल्यांदा कळलं. त्याला मी हे किती वेळा सांगितलं असेल! मी सांगितलं की किरकिर, तिने लिहिलं की पुस्तिका.

पुढचं कलम – 'स्ट्रीट'चं आखूड रूप फक्त घरनंबर जोडलेला असेल तेव्हाच वापरायचं, आणि 'रोड' कधीच आखूड करायचा नाही. शब्दन् शब्द माझा. ती नोकरीला लागली त्या महिन्यात कँटीनमध्ये बसून शिकवला होता. कागदी रुमालावर लिहून दिला होता.

शेवटी एक ओळ होती. 'डेस्कवरील ज्येष्ठांच्या सल्ल्याने.'

ज्येष्ठ! नाव नाही, गाव नाही. नुसत्या ज्येष्ठ.

जेवताना यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुझं एवढं पोटात का दुखतंय? मान घरातच राहिला ना?"

"तुमच्या भावाला तुमच्या आधी गाडी मिळाली तेव्हा आठवडाभर प्रत्येक भाजीत मीठ कमी होतं, आठवतंय? मानही घरात होता आणि गाडीही दारात होती."

यांनी पेला उचलला. पाणी प्यायले. मग म्हणाले, "त्या आठवड्यात खरंच कमी होतं."

सोमवार, ११ नोव्हेंबर

डेस्कची एक रीत आहे. पान एकाने वाचायचं, दुसऱ्याने पुन्हा वाचून सही करायची. सही झाली की त्या पानाला कुणी हात लावायचा नाही. लावलाच तर पान त्याचं – चुकलं तरी त्याचं. मी नोकरीला लागले तेव्हापासून ही रीत मोडलेली मी पाहिली नव्हती.

आज मी मोडली.

शहराचं पान तिने सही करून सोडलं. त्यात दोन रोड एकत्र आले होते आणि तिने त्यांना कॅपिटल दिलं होतं. पुस्तिका मंजूर व्हायच्या आधीच! मी पान लावणाऱ्याच्या मशीनशी गेले आणि म्हटलं, स्मॉल करा. त्याने केलं. तिने पडद्यावर पाहिलं, उठली, आणि पुन्हा कॅपिटल करवलं. मी पुन्हा गेले.

पान लावणारा म्हणाला, "बाई, 'रोड'चा हा आर मघापासून उठाबशा काढतोय. गुडघे जातील त्याचे. एकदाच काय ते सांगा, उभा ठेवू की बसवू?"

"बसवा."

पलीकडून धाकटी, मान न वळवता: "उभाच राहू दे, दादा. त्याने कुणाचं काय घोडं मारलंय?"

सगळा डेस्क खाली मान घालून हसत होता. ते कुणाला हसत होते, ते बघायला मी थांबले नाही. शेवटी पान छपाईला सुटायची वेळ झाली, आर उभा होता तसाच गेला.

बसमध्ये आज वेगवेगळ्या बाकांवर बसलो. कंडक्टरने विचारलं, "काय बाई, जोडी फुटली?"

बुधवार, १३ नोव्हेंबर

आज पुन्हा तोच खेळ. बातमी चार ओळींची. नव्या पाइपलाइनसाठी उद्यापासून एक रस्ता बंद, वाहनांनी दुसऱ्याने जावं. पहिल्याच ओळीत मिल आणि स्टेशन, दोन्ही रोड हातात हात घालून. तिने उभा केला, मी बसवला. तिने उभा केला. पुढे पुढे पान लावणारा आम्ही उठायच्या आधीच बोट कळीवर ठेवून बसायला लागला.

शेवटचा हात माझा लागला. आर बसला आणि पान सुटलं.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

बातमी उलटी गेली.

बंद होता मिल रोड. छापून आलं स्टेशन रोड बंद, मिल रोडने जा. नगरवार्ताहराने घाईत अदलाबदल केली. सकाळी निम्मं शहर आमचा पेपर वाचून खणलेल्या चरापर्यंत जाऊन उभं राहिलं. मागून गाड्या येतच राहिल्या, पुढच्यांना मागे वळता येईना. शाळेची बस अडकली. फळांचा टेम्पो अडकला. ऑफिसात फोन ठेवला की वाजायचा.

आणि त्याच गर्दीत आमची गाडी. भावजी सासूबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेत होते. एरवी रोज सकाळी पेपर मी सासूबाईंना मराठी करून वाचून दाखवते. आज लवकर निघायचं होतं म्हणून भावजींनीच चाळला, आणि पेपर घरचा म्हणून त्याच रस्त्याने निघाले. डॉक्टर बाहेरगावचे. ठरलेल्या दिवशी येतात आणि उरकलं की जातात. मायलेक पोचले तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. आता तारीख जानेवारीत.

सासूबाई घरी आल्या त्या ऑपरेशनसाठी सकाळीच डोळ्यात औषध घातलेल्या, पाणी गळत असलेल्या. खुर्ची चाचपून बसल्या. आम्ही दोघी समोर उभ्या.

"घरात दोन-दोन वाचणाऱ्या," त्या म्हणाल्या, "आणि मी आंधळी ती आंधळीच."

काय बोलणार? आठवडाभर आमची बस मिल रोडच्या तोंडावरून जातेय. पाइपांचा ढीग आम्ही दोघींनी खिडकीतून पाहिलाय. तिने तर एकदा म्हटलंही होतं, केवढे जाड पाइप आहेत. ती ओळ आम्ही दोघींनी किती वेळा वाचली असेल – आणि दोघींना त्यात एकच अक्षर दिसलं.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

संपादकांनी तिघांना बोलावलं. वार्ताहर, धाकटी, मी. वार्ताहराने लगेच कबूल केलं. बिचारा रात्रभर झोपला नसावा.

संपादक म्हणाले, "वार्ताहर चुकणारच. म्हणून तर डेस्क ठेवायचं. पानाला शेवटचा हात कुणाचा?"

मी तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली, "माझा. सही माझीच आहे."

सही तिचीच होती. हात माझा होता. मी गप्प राहिले.

बाहेर आलो तर सगळे तिच्याभोवती. क्रीडावाल्याने चहा आणला. सेक्रेटरी म्हणाली, "असं तोंडावर कबूल करायला छाती लागते हो." पान लावणारा मात्र माझ्याकडे एकदा बघून मशीनकडे वळला.

चूक माझी आणि मोठेपणा तिचा. आता माझ्या चुकासुद्धा तिच्याच नावावर जमा व्हायला लागल्या!

रविवार, १७ नोव्हेंबर

सासूबाई दिवसभर खालच्या मजल्यावर, धाकटीकडे. आमच्याकडे राहतात, पण आज उतरल्या त्या संध्याकाळपर्यंत वर आल्याच नाहीत. डोळ्यात रोजचे थेंब धाकटीने घातले. ते काम माझं आहे. मला त्यांची पापणी माहीत आहे – आधी मिटतात, मग "हं" म्हणतात, तेव्हाच घालायचे.

वर आल्यावर म्हणाल्या, "धाकटीचा हात हलका आहे."

सोमवार, १८ नोव्हेंबर

संपादकांना जाऊन सांगितलं. शेवटचा हात माझा होता, सही झाल्यावर मीच पान बदललं.

खरं बोलायची हौस म्हणून नाही. तो मोठेपणा तिच्याकडे राहायला नको म्हणून. हे त्यांना सांगितलं नाही. इथे लिहिते.

संपादक म्हणाले, "माहीत आहे. पान लावणाऱ्याने गुरुवारीच सांगितलं होतं."

"मग शुक्रवारी काही बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तुम्ही येताय का बघू."

मग टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. धाकटीचा. सकाळीच दिला होता. पुस्तिका पूर्ण करून देईन, डेस्कप्रमुख पदासाठी माझा विचार करू नये. खाली तिची ती सुबक सही.

तिथेही माझ्या आधी पोचली होती.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

बसमध्ये मीच तिच्या शेजारी जाऊन बसले.

"खुर्ची का नको म्हणालीस?"

"घरी तुम्ही मोठ्या. ऑफिसात मी तुमच्या डोक्यावर बसले तर संध्याकाळी जिन्यात भेटल्यावर काय बोलायचं?"

"एवढंच?"

ती पर्सच्या बंदाशी चाळा करत राहिली. "एवढंच नाही. खरं सांगू का? मला तुमचं बघवत नाही, ताई."

"म्हणजे?"

"तुम्हाला सगळं तोंडपाठ. तुम्ही उभ्या उभ्या सांगता, मला घरी जाऊन पुन्हा वाचावं लागतं. सासूबाई माझ्याकडे येऊन बसल्या की तासाभरात विचारतात, मोठी आली का गं? ऑफिसात पहिल्या दिवसापासून मी कोण, तर मोठीची जाऊ. शेजारीही तेच. मला पत्र आलं तर पोस्टमन तुमच्याकडे देतो. मघाशी तो कंडक्टर काय म्हणाला ऐकलंत? 'बाईंच्या जाऊबाई, पुढे सरका.'"

मग हसली. "म्हणून वाटलं, एक तरी गोष्ट असू दे, जी मी ठरवली आणि तुम्ही पाळली. मग एक अक्षर का असेना."

मी हसले नाही. इतकी वर्षं मी तिला पाण्यात पाहत आले. तीही मला पाण्यात पाहत असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याकडे बघून जळावं असं काय आहे?

वाईट वाटायला हवं होतं. उतरेपर्यंत मात्र मनात गुदगुल्या होत होत्या.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

खुर्ची माझी. एक जानेवारीपासून. संपादकांनी स्वतः सांगितलं, मग नोटीस लावली.

एक अट. धाकटीची पुस्तिका आहे तशी लागू करायची, आणि ती पाळली जातेय हे डेस्कप्रमुखाने बघायचं. म्हणजे दोन रोड एकत्र आले की आर उभा. आणि तो उभा आहे ना, हे बघायची जबाबदारी माझी.

मी मान्य केलं. दुसरं काय करणार? अभिनंदन करायला पहिली तीच आली. मीही तिच्या पुस्तिकेचं कौतुक केलं. दोघींचं तोंड भरून हसू. पान लावणारा म्हणाला, "चला, आता निदान माझ्या बोटांना आराम."

मुखपृष्ठावर तिचं नाव येणार आहे. खुर्चीवर कुणाचं नाव लिहीत नाहीत.

रविवार, २४ नोव्हेंबर

सकाळी भावजी वर आले. बसा म्हटलं तर उभेच राहिले. त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला जागा घेतली आहे. नवीन वसाहत, रस्त्यांना अजून नावं नाहीत, नुसते नंबर.

"वहिनी, राग मानू नका. एक घर आणि एक ऑफिस, दोन्हीकडे त्याच दोघी. तुमचं जमेल. आमच्या घरात जेवण जाईना."

हे मान हलवत होते. मला वाटलं भाऊ जातोय म्हणून डोळे भरतील. यांनी विचारलं, "लिफ्ट आहे का?"

"आहे."

"गच्ची?"

"प्रत्येकाला वेगळी."

मी म्हटलं, छान झालं. भावजी गेल्यावर हे बराच वेळ खिडकीशी उभे होते. मग म्हणाले, "वेगळी गच्ची कशाला लागते माणसाला?"

मी म्हटलं, लागत नाही. त्या क्षणी आमच्या दोघांचं जेवढं पटलं तेवढं कित्येक महिन्यांत पटलं नव्हतं.

खालचा मजला रिकामा होईल. माझी पुस्तकं तिथे नेता येतील. शांतपणे काम करता येईल. सासूबाईंना ऊन खायला पुढची खोली देता येईल, जिना चढायला नको. दिवसभर मनात सामान लावत होते.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

सासूबाई त्यांच्याबरोबर जाणार. भावजींनी सांगितलं तेव्हा मी हसण्यावारी नेलं. मग सासूबाईंनाच विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या. "तुला खुर्ची मिळाली. तिच्या वाट्याला सासू तरी येऊ दे."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

रविवारी टेम्पो येणार आहे. डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा त्यांच्याजवळ राहायला धाकटी रजा टाकेल. अर्ज मंजुरीला माझ्याकडे येईल.